मले विचारल्याबिगर

डॉक्टरांनी माझा कागद मोठ्यानं वाचायला घेतला.

केबिनमध्ये मी एकटी नव्हते. एक म्हातारी आणि तिची सून बसली होती. औषध कंपनीचा एक माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता. सिस्टर होती. दाराशी माझा नवरा उभा होता.

"'खोलीतला उजेड मंद असावा.'" डॉक्टर थांबले. चष्म्यावरून सिस्टरकडं बघितलं. "ऐकलं का? उजेड मंद पाहिजे यांना. यांच्या धाड गावाला लाईट असते का गं दिवसभर?"

सिस्टर हसली. कंपनीचा माणूसही हसला. त्याला हसणं भागच होतं.

"'कळा सुरू असताना मला आवडेल त्या स्थितीत बसू द्यावं. माझ्याशी हळू आवाजात बोलावं.'" मग त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि टेबलावर टाकला. "हा तर ऋतुजाचा कागद आहे. शब्दाला शब्द. नुसतं नाव बदललंस. कॉपी करून पास व्हायची सवयच असते काही जणांना. सवलतीत सगळं तयार मिळतं ना. आता बाळंतपणाची हौस पण दुसऱ्याचीच."

'काही जणांना' म्हणजे कुणाला, हे त्या केबिनमध्ये सगळ्यांना समजलं. म्हातारीलासुद्धा. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर थोडा आवरून घेतला.

मला आठवा महिना होता.

कागद ऋतुजाचाच होता, हे खरं. मीच तो टाईप केला होता.

धाडच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं मी टायपिंगला बसते. बी.ए. झाले, टायपिंगची परीक्षा झाली, नोकरी लागली नाही, लग्न लागलं. सातबाऱ्याचे अर्ज, शाळेचे दाखले, पतसंस्थेच्या नोटिसा, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्या बोटांखालून जातं. ऋतुजा गावातल्या मोठ्या बागायतदारांची लेक. पुण्यात दिली. बाळंतपणाला माहेरी आली होती. आम्ही एकाच शाळेत होतो, ती माझ्या पुढच्या वर्गात. तिच्या घरच्या संत्र्याच्या बागेत माझी सासू निंदायला जायची. म्हणून मी तिला ताई म्हणते. ती मला नावानं हाक मारते.

एका दुपारी ती दुकानात आली. पोट माझ्याएवढंच. बसल्या बसल्या तिनं हे विचारलं, ते विचारलं, आणि गंमत म्हणजे सगळं जुळत गेलं. दोघींची तारीख एकाच महिन्यातली. दोघींचं पहिलं बाळंतपण बुलढाण्याला, याच डॉक्टरकडं. दोघींचं सिझर.

"या वेळी मी नॉर्मलचा प्रयत्न करणार आहे," ती म्हणाली.

मी कीबोर्डवरचा हात काढला. "पण ताई, एकदा सिझर झालं की दुसरं सिझरच असते ना?"

"नाही गं. असं काही नसतं. पहिला छेद नीट असेल, मध्ये पुरेसं अंतर असेल, तर बऱ्याच जणींना जमतं. फक्त दवाखाना चांगला हवा. लागलं तर लगेच ऑपरेशन करता आलं पाहिजे, रक्त हवं. मी डॉक्टरांशी बोललेय. ते तयार आहेत. म्हणाले, काय काय पाहिजे ते लिहून आण." तिनं मोबाईल पुढं केला. "याला बर्थ प्लॅन म्हणतात. माझा इंग्रजीत आहे. सिस्टर लोकांना कळावा म्हणून मराठीत करून घेतेय. मी सांगते, तू टाईप कर."

ती सांगत गेली. मी टाईप करत गेले.

मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच डॉक्टरनं त्याच खुर्चीत बसून मला सांगितलं होतं, तुझं पुढचंही सिझर. विषय संपला. तिला सांगितलं, लिहून आण.

तपासण्याआधी मला सांगावं, ती म्हणाली. मी टाईप केलं. माझ्या पहिल्या वेळी हात आत गेल्यावर मला कळलं होतं की तपासताहेत.

माझ्याशी आवाज चढवून बोलू नये. माझ्या मांडीवर सिस्टरनं फटका मारला होता. म्हणाली होती, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस, आता कशाला बोंबलते?" ती ओळ टाईप करताना त्या जागी, मांडीला, मला परत झोंबलं.

सिझर करावं लागलं तर कारण मला समजावून सांगावं. माझं का केलं, मला आजही माहीत नाही. नवऱ्याला बाहेर एक वाक्य सांगितलं, सही घेतली, मला आत नेलं. कापलं मला. विचारलं त्याला.

बाळ झाल्या झाल्या माझ्या छातीवर द्यावं. माझी पोरगी मी सगळ्यात शेवटी पाहिली. सासूनं पाहिली, नणंदेनं पाहिली, शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या भावानंसुद्धा पाहिली. मी भुलीत होते, मग नुसतीच पडून होते. आणून दाखवावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

ऋतुजाचा एकेक शब्द माझ्या छातीत जात होता. मला तिच्या सोन्याच्या बांगड्यांचा हेवा वाटला नाही. त्यांच्या बागेचा, गाडीचा कधीच वाटला नव्हता. ते मी लहानपणापासून बघत आले. पण ती 'सांगावं', 'असावं', 'द्यावं' असं किती सहज म्हणत होती! अडखळत नव्हती. हे मागितलं तर कुणाला राग येईल, असं तिच्या मनातच नव्हतं. नळ सोडला की पाणी येणार, तसं. त्या सहजपणाचा मला हेवा वाटला. पोटातलं लेकरू बाजूला सरकावं आणि तिथं काहीतरी कडू येऊन बसावं, असा.

तिनं दोन प्रती घेतल्या. ती गेल्यावर मी फाईल परत उघडली. तिचं नाव काढलं, माझं घातलं, प्रिंट दिली.

मला वाटलं होतं, मागायची एक भाषा असते. ती त्यांच्याकडं असते. शब्द तेच असले तर उत्तरही तेच मिळेल.

मिळालं ते वर सांगितलं.

कागद वाचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "चल, टेबलावर." पडदा ओढला. पोट तपासता तपासता सिस्टरशीच बोलले, माझ्याशी नाही. "हिला पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची तारीख द्या. सिझर."

मी छताकडं बघत म्हणाले, "ऋतुजाताईचंही सिझरच करता का, साहेब?"

हात थांबला.

"तिची गोष्ट वेगळी आहे. शिकलेली आहे ती. तिला समजतं. तुला कळा तरी सहन होतील का? मागच्या वेळी दवाखाना डोक्यावर घेतला होतास."

"पण तिचंही सिझर झालं होतं. माह्यावानीच."

"तिची बरोबरी करायला निघालीस का तू?"

पडद्याच्या पलीकडं कंपनीच्या माणसाच्या बॅगेची चेन वाजली. नवऱ्यानं घसा खाकरला. म्हणजे गप बस. घरी असला की तो असाच खाकरतो, सासू बोलायला लागली की.

मी गप बसणार होते. खरं सांगते. तोंडात आलंच होतं, "नाही साहेब, तसं नाही."

तसंच होतं. त्या दुपारपासून जे पोटात कडू होऊन बसलं होतं, त्याला नाव काय, ते डॉक्टरनंच सांगितलं. बरोबरी. मी तिची बरोबरी करत होते. नाहीतर मला हेवा वाटलाच नसता. आभाळातल्या चंद्राचा कुणी हेवा करत नाही. शेजारणीचा करतात.

"हाव," मी म्हणाले. "बरोबरीच करून राह्यली."

आणि उठले. त्यांचा हात पोटावर होता, तो मी बाजूला केला. साडी नीट केली. पडदा सरकवला. टेबलावरचा कागद उचलला. डॉक्टर काहीतरी म्हणाले, "मग दुसरा दवाखाना बघ, उद्या काही झालं तर इकडं यायचं नाही," असं. मी ऐकून घेतलं.

बाहेर काउंटरवर गेले. म्हणाले, "माह्या पहिल्या ऑपरेशनचा कागद पाह्यजे. छेद कसा घेतला, काऊन घेतला, ते लिवलेला."

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "ते पेशंटला देत नसतात."

"पोट माहं फाडलं. कागद मलेच पाह्यजे."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. मी बसते."

बाकावर जागा नव्हती. मी काउंटरसमोर फरशीवर बसले. आठव्या महिन्याचं पोट घेऊन, दोन्ही पाय पसरून. येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालून जावं लागत होतं. नवरा म्हणाला, "ऊठ, लोकं पाहून राह्यले." मी म्हणाले, "पाहू द्या." एक बाई जवळ येऊन विचारायला लागली, काय झालं. मी तिला सांगायला लागले, मोठ्यानं, पहिल्यापासून. सिस्टरनं मांडीवर मारलं तिथपर्यंत आले आणि आतून कागदाची झेरॉक्स आली.

जीप नवराच चालवत होता. त्याची स्वतःची काळीपिवळी आहे, धाड-बुलढाणा सीट मारतो. त्या दिवशी त्यानं वाटेत एकही सीट घेतलं नाही. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "कायले तोंडी लागली त्याच्या? उद्या अडलं तं कोन पाहीन तुले? मले काई समजते का त्यातलं?"

तो चिडला नव्हता. भ्याला होता. मला ते कळत होतं. तरी मी म्हणाले, "तुमी खाकरले काऊन?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला.

मी रडले ते घरी गेल्यावर. अपमानानं नाही. अपमान ओळखीचा आहे. तिच्या हातातला कागद म्हणजे विचार, आणि तोच माझ्या हातात म्हणजे विनोद. हे कसं, म्हणून रडले.

माझी माय धामणगाव बढ्याहून आली होती, माझ्या बाळंतपणासाठी म्हणून. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी तिला सगळं सांगितलं, कागदही वाचून दाखवला. ती म्हणाली, "असं लिवता येते? असं मांगता येते?"

"तिले येते."

"मंग तू तुह्या तोंडानं लिव ना. मंद उजेड कायले पाह्यजे तुले? त्या अंधारात लेकरू पाडशीन."

मी हसले. आणि मग विचार केला. खरंच. मला मंद उजेड नकोच होता. तिच्या यादीतलं निम्मं मला नको होतं. मला जे हवं होतं ते तिच्या यादीत नव्हतं, कारण तिच्यावर ते बेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा लिहिलं. पुस्तकी मराठीत नाही. जशी बोलते तसं.

'मले हात लावाच्या आंधी सांगजा. मले विचारल्याबिगर हात नाही.

शिव्या देऊ नका. मारू नका. मी ओरडीन. दुखलं तं ओरडीनच.

माही जात कोनती, किती लेकरं पाह्यजेत, हे कळा चालू असताना विचारू नका.

मले नॉर्मल व्हावं वाटते. पण माह्या जिवाले नाही तं लेकराच्या जिवाले धोका असन तं मले सांगजा. मी शुद्धीवर असीन तं सही मीच करीन. नवऱ्याले विचारू नका, मले विचारा.

लेकरू पहिलं मले दाखवजा. पोरगी असो, पोरगा असो.'

माय ऐकत होती. म्हणाली, "पानी मांगतलं तं होट तरी वले करा म्हना. मले तुह्या वक्ताले दिवसभर कोनी पानी नाही देलं." ते पण लिहिलं.

तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो, बुलढाण्यालाच. रांग मोठी होती. शेवटी नंबर आला. डॉक्टरीण तरुण होती, परजिल्ह्यातली. तिनं आधी ऑपरेशनचा कागद वाचला, मग माझा. हसली नाही. कौतुकही केलं नाही. पेन काढलं.

"छेद खालचा, आडवा आहे. ते चांगलं आहे. पोरगी चार वर्षांची, अंतरही आहे. प्रयत्न करता येईल. पण नीट ऐक. पिशवीवरचा जुना व्रण कळांमध्ये उसवू शकतो. फार जणींचा उसवत नाही. पण उसवला तर वेळ नसतो. म्हणून कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही. रक्त तयार ठेवू. आणि बाळाचे ठोके सारखे बघावे लागतील, तू कंटाळलीस तरी."

"हो मॅडम."

"पाण्याचं बघू, घोट घोट देऊ. ऑपरेशनची वेळ आली तर बंद. सही तुझीच असते, ते लिहायची गरज नव्हती."

"होती मॅडम."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कागद केसपेपरला टाचला.

नववा महिना लागल्यावर दुकानात पेढे आले. ऋतुजाला मुलगा झाला. नॉर्मल. त्याच दवाखान्यात. तिच्या भावानं सांगितलं, डॉक्टर स्वतः सारा वेळ थांबले होते, दिवे कमी केले होते, दाजी हात धरून होते, व्हिडिओ काढला. "एकदम तिनं लिहिलं होतं तसं," तो म्हणाला.

मी पेढा तोंडात टाकला. खोटं कशाला सांगू? तिचं सिझर व्हावं असं मला वाटत होतं. तिच्या लेकराला काही व्हावं असं नाही. पण तिलाही कुणीतरी न सांगता कापावं, असं वाटत होतं. एकदा तरी. मग मी तिला विचारलं असतं, कसं वाटलं, ताई?

माझ्या कळा सकाळी सुरू झाल्या, चहा गाळताना. नवऱ्यानं जीप काढली. या वेळी तो म्हणाला, "तुहा कागद घेतला का?"

दिवस चढत गेला. मी ओरडले. पोटभर ओरडले. कुणी मारलं नाही. एक सिस्टर वैतागून म्हणाली, "हळू गं बाई," तेवढंच. तपासायच्या आधी डॉक्टरीण दर वेळी म्हणायची, "बघू का?" कुणी असं विचारलं की काय म्हणायचं असतं, हे माहीतच नव्हतं.

दुपार कलल्यावर वेगळं दुखायला लागलं. कळ गेली तरी खाली, जुन्या टाक्याच्या जागी, दुखणं तसंच राही. सुरी टेकवून ठेवल्यासारखं. मी सांगितलं. मशीनवरचे ठोके खाली येत होते, वर जात होते, परत खाली. डॉक्टरीण माझ्या तोंडाजवळ वाकली.

"बाळाचे ठोके कमी होताहेत. आणि तू म्हणतेस तिथं दुखतंय, मला व्रणाची भीती वाटते. थांबण्यात धोका आहे. मी सिझर करायचं म्हणते. तुझं काय म्हणणं?"

फॉर्म घेऊन मावशी सवयीनं नवऱ्याकडं वळली. तो म्हणाला, "तिले द्या. तिची सही लागते." खाकरला नाही.

मी सही केली. वेडीवाकडी झाली. पण वाचता येईल अशी.

पोरगी झाली. दुसरी. कंबरेखाली मी बधिर होते, वर जागी होते. टाके घालायचे बाकी होते आणि सिस्टरनं तिला आणून माझ्या गालाला गाल लावला. ओला, गरम. रडत होती. मीही रडत होते.

"आता कायले रडता, लेकरू चांगलं हाये," सिस्टर म्हणाली.

लेकरू चांगलं होतं. डॉक्टरीण नंतर म्हणाली, व्रण पातळ झाला होता, बरं झालं थांबलो नाही. मला सगळं सांगितलं, सगळं विचारलं. तरी त्या टेबलावर पडल्या पडल्या मला ऋतुजा आठवत होती. तिला झालं. मला नाही झालं. तिच्या अंगावर नवा टाका नाही, माझ्या अंगावर आहे. त्यात कुणाचा दोष नव्हता. दोष नसला म्हणून जळजळ थांबते असं नाही.

सव्वा महिन्यानंतर मी परत दुकानात बसायला लागले. पुण्याला जायच्या आधी ऋतुजा आली, बाळाच्या जन्मदाखल्याचं लॅमिनेशन करायला. बाळ तिच्या आईच्या मांडीवर, बाहेर गाडीत. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, हळू आवाजात म्हणाली, "अगं, डॉक्टर म्हणाले, तू माझाच कागद घेऊन गेली होतीस. मला आधी सांगायचं ना. मी त्यांना फोन केला असता. तुझंही नीट केलं असतं त्यांनी."

मनापासून म्हणत होती. तिच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हणून जास्त लागलं. म्हणजे माझं नीट व्हायला तिचा फोन लागला असता.

"ताई," मी म्हणाले, "तुमच्यासाठी कोनी फोन केला होता?"

तिला समजलं नाही. "माझ्यासाठी? कुणी नाही. का?"

"म्हनूनच."

"तुला माझा राग आलाय का?"

"राग नाही. हेवा हाये."

तोंडावर असं कुणी बोलत नाही. तिनं दाखला घेतला, पैसे ठेवले, गेली. जाताना वळून पाहिलं.

माय म्हणते, हेवा करू नये, माणूस आतून कुजते. नवरा म्हणतो, जे झालं ते झालं, दोन्ही पोरी धडधाकट आहेत, आणखी काय पाहिजे. शेजारच्या बायका म्हणतात, देणाऱ्यानं ज्याला त्याला वेगळं दिलं. मला नाही पटत. देणारा कोण ते मी पाहिलंय. चष्मा घालतो, बुलढाण्याला बसतो. हेवा सोड म्हणणारे मला बरोबरी सोड म्हणतात. मी सोडणार नाही.

काल एक अर्ज टाईप केला. माझा स्वतःचा. त्या केबिनमध्ये तो काय काय बोलला, कुणासमोर बोलला, पहिल्या वेळी सिस्टरनं कुठं मारलं, सही कुणाची घेतली. जसं बोलले तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द सजवला नाही. सोमवारी तो जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देणार आहे. पोच घेणार आहे. नवरा म्हणाला, "नाव कायले टाकतं? बिननावाचा दे. धंदा त्याच रस्त्यावर हाये आपला."

काही होणार नाही, असंही होईल. साहेब साहेबाला सांभाळतो, एवढं मला कळतं. काही झालं नाही तर परत देईन. परत नाही झालं तर वर देईन.

अर्जाखाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. आडनाव वाचून ते काय ते समजतील. समजू दे. मी तेवढं ठळक टाईप केलंय.